शंभर मिलिवॉटचा नेम

“तळघरातल्या घड्याळाला हात लावायचा नाहीस. बाकी घरभर काय पुढे-मागे करायचं ते कर.”

प्रल्हादराव हे वर्षातून दोनदा सांगायचे, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतलं सगळं ट्रॉय शहर उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे आणि हिवाळ्यासाठी पुन्हा मागे करत असताना. यामिनीकाकू तोंडाने “बरं” म्हणायच्या आणि मनात म्हणायच्या, स्टुलावर चढायचा कंटाळा, दुसरं काय. गाड्यांच्या कंपनीत एकतीस वर्षं इंजिनिअर म्हणून मिरवलेला माणूस, आणि भिंतीवरचं एक घड्याळ त्याला हलवता येईना.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत प्रल्हादराव गेले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी काकू स्टूल घेऊन तळघरात उतरल्या आणि घड्याळ एक तास पुढे केलं. इतक्या वर्षांचं राहिलेलं काम दोन मिनिटांत उरकलं.

त्या घड्याळाखाली प्रल्हादरावांचं रेडिओ स्टेशन होतं. स्टेशन हा त्यांचा शब्द. काकूंच्या लेखी ती डब्याएवढी एक पेटी होती, तिच्यापुढे एक माइक, आणि तळघराच्या खिडकीतून मागच्या अंगणातल्या खांबावर गेलेली तार. नोकरीत असताना प्रल्हादरावांचं काम एकच, इंजिनाची खरखर गाडीच्या रेडिओत शिरू द्यायची नाही. रिटायर झाल्यावर कंपन्यांनी नव्या विजेच्या गाड्यांतून मध्यम लहरींचा, म्हणजे एएम रेडिओच काढायला घेतला, तेव्हा हे तळघरात गेले आणि स्वतःचं एएम स्टेशन काढून बसले. परवाना लागत नाही, पण अटी आहेत. ताकद शंभर मिलिवॉटच्या वर नको आणि तार तीन मीटरपेक्षा लांब नको. एवढ्या ताकदीत आवाज कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनपर्यंत जायचा. त्याच्या पलीकडे नुसती खरखर.

“माझ्या कुकरची शिट्टी याहून लांब जाते,” काकू म्हणायच्या. हळूच म्हणायच्या. त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढवायची गरजच पडत नसे.

आणि सांगायचे काय तर आजचं तापमान, कचऱ्याची गाडी कधी येणार, हरणांपासून टोमॅटो कसे वाचवावेत. शेवटी त्या दिवसाची तिथी. ती काकूंच्या धाकाने. त्यांचा स्वतःचा देवावर विश्वास नाही, पण आकडेमोडीवर फार. तिथी काढायचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला आणि पुढच्या पाच वर्षांचे कागद छापून फाइलला लावले. ऐकायला कुणी असावं म्हणून वसाहतीतल्या मराठी घरांत छोटे ट्रान्झिस्टर वाटले. मुलांकडे सहा-सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील ते घेऊन खिडकीत बसायचे. त्यांना तसंही दुसरं काही काम नव्हतं.

बारा वर्षं, रोज सकाळी सात दहा. ताप असला तरी, बर्फ पडलं तरी.

म्हणून चौदाव्याचं आटोपल्यावर यामिनीकाकूच माइकपुढे बसल्या. प्रेमाने वगैरे नव्हे. नेम म्हणजे नेम, एवढंच त्यांना कळत होतं. रोजचा जप, रोजची पोथी, पंधरवड्याची एकादशी, त्यात हे एक. हरणं, टोमॅटो, कचऱ्याची गाडी त्यांनी पहिल्याच दिवशी हद्दपार केली. तिथी ठेवली, तिच्यामागे एक स्तोत्र लावलं आणि दहा मिनिटांत आटोपतं घेतलं.

घड्याळ पुढे केलं त्याच दिवशी त्यांना प्रल्हादरावांची आणखी एक करामत सापडली. कागदावर तिथी कधी लागते, कधी संपते आणि सूर्योदय कधी, असे तीन रकाने होते. सूर्योदय पावणेसात, असं कागद म्हणत होता. फोन पावणेआठ सांगत होता, आणि खिडकीबाहेर सूर्यही फोनचंच ऐकून उगवला. काकूंनी लाल पेन आणि पट्टी घेतली आणि पाचही वर्षांच्या कागदांवर सूर्योदयाच्या रकान्यावर उभी रेघ ओढली. पंचांग करायला बसले आणि सूर्य कधी उगवतो ते माहीत नाही. तेव्हापासून सूर्योदय फोनवरून आणि तिथी कागदावरून, अशी वाटणी झाली.

काकूंना तुच्छ वाटत नसे अशी माणसं फार थोडी होती. मराठी मंडळाचा अध्यक्ष शंतनू त्यांत नव्हता.

शंतनू आयटीमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता आणि मंडळही ऑफिससारखंच चालवायचा. पुण्यात छापलेलं कॅलेंडर तो ढीगभर मागवायचा, घरोघर वाटायचा आणि त्यावरून सगळे सणवार ठरवायचा. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हा नियम त्याच्या गावी नव्हता. पुण्याचा सूर्योदय वेगळा, ट्रॉयचा वेगळा, म्हणून इथली एकादशी कधीकधी एक दिवस आधी येते, हे काकूंनी त्याला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो फोनकडे बघत “येस काकू, येस” म्हणाला होता.

आषाढातल्या मोठ्या एकादशीचा फराळ मंडळाने रविवारी ठेवला. हॉल घेतला, दीडशे पानांची ऑर्डर दिली. आणि काकूंनी सोमवारपासून रोज रेडिओवर सांगायला सुरुवात केली की ट्रॉयमध्ये एकादशी शनिवारी आहे, रविवारी द्वादशी, आणि द्वादशीला साबुदाणा खाल्ल्याने कुणाला पुण्य लागल्याचं ऐकिवात नाही.

गुरुवारी संध्याकाळी शंतनू आला. त्याची विजेची गाडी आवाज न करता दारात लागली.

“काकू, लोकांमध्ये फार कन्फ्यूजन होतंय. सतरा सीनियर्सनी कॅन्सल केलं. म्हणतात, यामिनीताईंच्या रेडिओवर सॅटर्डे सांगितलाय.”

“तू ऐकलास का?”

“माझ्या गाडीत एएमच नाही, काकू. आणि असतं तरी... रेंज किती तुमची? या पोर्चपासून त्या मेलबॉक्सपर्यंत?”

“स्टॉप साइनपर्यंत.”

“आमच्या ऑनलाइन रेडिओला चौदा देशांत लिसनर्स आहेत.”

“असतील. त्यांतला एक तरी उपाशी असतो का?” काकूंनी विचारलं आणि त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवला.

शंतनू हसला. “काकू, सिम्पल करा ना. पुण्यात संडे आहे, सगळ्या जगात संडे आहे. तुमचा एकटीचा सॅटर्डे. काकांनी बेसमेंटमध्ये बसून काहीतरी एक्सेल शीट केलं, त्यावर तुम्ही...”

प्रल्हादरावांना नावं ठेवायचा हक्क काकूंनी आजवर कुणाला दिला नव्हता. तो त्यांचा एकटीचा होता.

“पुण्याचा सूर्य तुझ्या खिडकीत उगवतो का रे?” त्या आणखी खालच्या पट्टीत म्हणाल्या. “तुला सूर्योदय बघायला आठ तरी वाजतात, म्हणून विचारते.”

“बरं, आणि तुमचंच चुकलं असेल तर?”

“माझं?”

“म्हणजे, समजा.”

काकूंनी समजायचा प्रयत्नही केला नाही. “तर मी माझ्या हातांनी ती तार खाली उतरवीन. आणि तुझ्या हॉलमध्ये येऊन माइकवर सांगीन की माझं चुकलं.”

“आणि मग रेडिओ बंद?”

“बंद. कायमचा. शब्द देते.”

“रेकॉर्ड करून ठेवू का?” त्याने फोन उचलला.

“ठेव. तुला तेवढंच येतं.”

तो गेल्यावर काकूंनी पेला विसळला. पोरगा ताक अर्धं टाकून गेला होता.

शनिवारी काकूंनी सात दहाला एकादशी सांगितली, स्तोत्र म्हटलं आणि रविवारच्या पारण्याची वेळ दिली. दुपारी चारला रेणू आली.

रेणू मागच्या गल्लीत राहायची. काकूंच्या तुच्छतेतून सुटलेल्या मोजक्यांपैकी ती एक. तिचा नवरा यशोधन व्हिसाचा शिक्का घ्यायला नागपूरला गेला तो दहा महिने तिथेच अडकून पडला होता. इकडे रेणूने एकवीस एकादश्या बोलल्या होत्या. पाणी आणि फळं, दुसरं काही नाही. रोज सकाळी ती आपल्या जुन्या गाडीत बसून, इंजिन बंद ठेवून काकूंचं दहा मिनिटं ऐकायची. मंडळाचं कॅलेंडर तिच्याही स्वयंपाकघरात होतं, पण एकादशी ती काकूंचीच धरायची. आजची विसावी.

“काकू, पारण्याची वेळ लिहून घ्यायची राहिली. सकाळी कचऱ्याचा ट्रक आला मध्येच, ऐकू नाही आलं.”

“तळघरात फाइल आहे. ये, तिथे गारही आहे.”

रेणू खुर्चीवर बसून कागद बघू लागली. काकू जपाची माळ घेऊन समोर बसल्या. पुण्यात असताना रेणू एका कंपनीत टेस्टिंगला होती. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा तिला पगार मिळत असे. इथल्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. तिचं बोट कागदावर एका जागी थांबलं.

“काकू, हा कॉलम का खोडलाय?”

“चुकीचा आहे.”

“अख्खा?”

“तुझे काका करायला गेले पंचांग. सूर्य पाचला उगवतो म्हणे.”

रेणूने कागद दिव्याखाली धरला आणि लाल रेघेखालचे आकडे वाचले. फोन काढला. मग पानं उलटायला लागली. एप्रिल, मार्च, जानेवारी. परत जुलै. काकूंची माळ चालू होती.

“आज पाच वाजून सहा मिनिटं लिहिलंय. फोन सहा-सहा म्हणतो,” रेणू म्हणाली. “उद्या पाच-सात. फोन सहा-सात.”

“तेच तर सांगतेय.”

“पण जानेवारीत आठ-एक लिहिलंय आणि फोनवरही आठ-एकच आहे. डिसेंबर बरोबर. फेब्रुवारी बरोबर.” ती थांबली. “काकू, कॉलम चुकीचा नाहीये. फक्त उन्हाळ्यात एक तास मागे आहे. काकांनी सगळं हिवाळ्याच्या वेळेतच ठेवलं होतं. घड्याळ पुढे करायच्या आधीच्या.”

माळ थांबली.

“त्यांनी खाली तसं घड्याळ वगैरे ठेवलं होतं का?”

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मग तिथीच्या वेळा पण...” रेणूने वाक्य अर्धंच सोडलं.

ते पुरं करायला काकूंना कुणी लागलं नाही. एकादशी लागते शनिवारी पाच पंधराला, असं कागद म्हणतो. सूर्योदय सहा सहाला, असं फोन म्हणतो. म्हणजे सूर्योदयाला एकादशी आलेली, म्हणून शनिवार. पण कागदाचा तास फोनच्या तासाच्या मागे असेल, तर एकादशी लागली सहा पंधराला. सूर्य उगवून तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. शनिवारी सूर्योदयाला दशमी होती. आणि रविवारी सूर्योदयाला एकादशी असणार होती, सहा पस्तीसपर्यंत. संडे. पुण्यात संडे, आणि ट्रॉयमध्येही संडे.

कागद बरोबर होता. माणूसही बरोबर होता. सोळा महिने एक रेघ तेवढी चुकीची होती, आणि ती पट्टी लावून सरळ ओढलेली होती.

काकूंनी माळ मांडीवर ठेवली.

“तुझ्या बाकीच्या?” काकूंनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

“तेच बघतेय.” रेणूने सगळ्या एकोणीस एकादश्या एकेक करून तपासल्या. हिवाळ्यातल्यांचा प्रश्नच नव्हता, उन्हाळ्यातल्या तेवढ्या दोनदा पाहिल्या. वीस मिनिटं लागली. “सगळ्या बरोबर आहेत. हीच एक तेवढी त्या तासात सापडली.”

“आज तू उपाशी आहेस.”

“उद्या पण राहीन. त्यात काय. दोन दिवस फळांवर कुणी मरत नाही.”

“बाकीचे म्हातारे उद्या सकाळी पारणं करतील. मी वेळ देऊन बसलेय.”

“उद्या सात दहाला सांगा ना, आज एकादशी आहे म्हणून. संपलं. गडबड झाली म्हणायचं.”

“आणि शंतनूला?”

रेणूला गुरुवारची हकीकत ठाऊक होती. वसाहतीत सगळ्यांनाच ती ठाऊक होती, शंतनूने रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं होतं. “त्याला कशाला सांगायचं, काकू? कुणाला कळणार आहे? तुमच्या-माझ्याशिवाय हे शोधून काढणारं आहे कोण? तो तर बसून समजावलं तरी समजणार नाही. सूर्योदय म्हटलं की त्याला स्क्रीनसेव्हर आठवतो.”

काकूंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. खरंच होतं. चुकलेलं कबूल करायचं, तर ते अशा माणसापुढे ज्याला चूक काय झाली हेही कळणार नाही. त्याचं बरोबर आलं ते अभ्यासाने नव्हे, पुण्याहून आलेल्या खोक्यातून. तो माइकवर म्हणेल, ‘बघा, आपलं कॅलेंडर करेक्ट होतं,’ लोक टाळ्या वाजवतील, आणि पुढच्या वर्षी खरोखर एक दिवसाचा फरक पडेल तेव्हाही तो हीच एकादशी पुढे करील. हे सगळं त्यांना लख्ख दिसत होतं.

“तो मूर्ख आहे,” काकू म्हणाल्या.

“मग?”

“मूर्ख माणसाला दिलेला शब्द वेगळा असतो, असं कुठल्या पोथीत वाचलेलं नाही मी.”

“काकू, पण रेडिओ बंद केलात तर...” रेणू पेटीकडे बघत राहिली. “माझी एक एकादशी राहिलीय. सकाळी गाडीत बसून ऐकलं की दिवस जातो माझा. निदान तेवढी होऊ द्या. पंधरा दिवस. मग काढा तार.”

हे मात्र काकूंना लागलं. शंतनूसाठी त्यांच्याजवळ उत्तरं होती, रेणूसाठी नव्हती. आपण बसतो ते नेमासाठी, पलीकडे कुणी आहे का नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असंच त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या. प्रल्हादरावांना त्या विचारायच्या, “ऐकतं कोण तुमचं?” ते म्हणायचे, “तुझा देव तुला पोच देतो का कधी?” त्यावर काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

“ती एकादशी आपण माझ्या देवघरात करू,” त्या म्हणाल्या. “तू पहाटे ये. स्तोत्र मी म्हणेन. तार लागत नाही त्याला.”

“तसं नाही काकू ते.”

“ठाऊक आहे मला.”

रेणू गेल्यावर त्यांनी फाइल बंद केली नाही. पाचही वर्षांच्या कागदांवरच्या लाल रेघा त्या एकेक करून बघत बसल्या. प्रल्हादरावांनी प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. चष्मा पुसून त्यांनी पहिल्यांदाच वाचलं. ‘सर्व वेळा प्रमाणवेळेत.’ तीन शब्द, साठ पानांवर, साठ वेळा. नवऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही ही सवय काकूंना होती. त्याचं लिहिलेलंही आपण वाचत नाही, हे त्यांना आज कळलं.

रविवारी सात दहाला त्यांनी बटण दाबलं.

“आज आषाढ शुद्ध एकादशी. काल मी एकादशी सांगितली, ती चुकीची होती. चूक कागदाची नव्हती, माझी होती. ज्यांनी काल उपवास केला, त्यांनी जमत असेल तर आज करावा. ज्यांना जमणार नाही, त्यांनी करू नये, त्याचा दोष माझ्याकडे. पारणं उद्या सूर्योदयानंतर. हे केंद्र आजपासून बंद होत आहे. ट्रान्झिस्टर परत द्यायची गरज नाही.”

मग स्तोत्र म्हटलं, सगळं, एकही ओळ न गाळता, आणि बटण बंद केलं.

अंगणात जायला त्यांनी शेजारच्याला बोलावलं नाही. शिडी स्वतः ओढत नेली. पाना प्रल्हादरावांच्या हत्यारांच्या पेटीत त्याच्या जागीच होता, त्या माणसाच्या वस्तू कधी इकडच्या तिकडे होत नसत. वरची पट्टी गंजलेली होती, तिसऱ्या हिसड्याला सुटली. तीन मीटर म्हणजे फार नसतं. हाताला गुंडाळली तर बांगड्यांएवढी वेटोळी झाली. मग अर्थिंगसाठी जमिनीत ठोकलेल्या सळईची तार सोडली. सळई निघेना, ती तिथेच राहू दिली.

रस्त्यापलीकडे कुणाचे तरी वडील खिडकीत ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. ते बटण फिरवत होते. काकूंनी तिकडे पाहिलं आणि शिडी आत नेली.

अंघोळ पुन्हा केली. नऊवारी नको, साधी सुती साडी. हॉलमध्ये शंतनू जरीचा कुर्ता घालून उभा असेल, आल्या-गेल्याला “वेलकम, वेलकम” करत. साबुदाण्याला ठसका लागेपर्यंत मिरची घातलेली असेल, भगर गार असेल आणि कुणीतरी एकादशीला चालतं म्हणून चिप्सची पाकिटं आणलेली असतील. या सगळ्यांसमोर, माइकवर. ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं. नऊ मिनिटांचा हिशोब द्यायचा नाही, तो दिला की ती सारवासारव होते. शब्द तसा दिलेला नाही.

फोनवर रेणूचा मेसेज होता. येऊ का सोबत, असा. काकूंनी उलट लिहिलं, नको, तू पडून राहा, दुसरा दिवस आहे तुझा.

फराळ साडेअकराला होता. काकूंनी दहालाच गॅरेजचं दार वर केलं. लोक जमायच्या आत, शंतनू अजून खुर्च्या मांडत असताना, त्याला सांगायचं होतं की आज माइक आधी मला लागेल. किल्ली फिरवली, मागे बघितलं आणि गाडी हळूहळू रस्त्यावर घेतली.